‘म्या टाकला नाही, मले पाठोला होता!’

माझा एक मित्र रोज सकाळी राजूर घाट चढून एसटीने बुलढाण्याला येतो. कॉलेज, लायब्ररी, टपरी, परत एसटी. आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात तो इन्स्टाग्रामवर एक पेज चालवतो. कुणीतरी गॅदरिंगमधला, एनएसएसच्या कॅम्पमधला फोटो पाठवतं, सोबत दोन ओळी शायरी, की हा ते टाकतो. पाठवणाऱ्याचं नाव गुपित. असलं एखादं पेज तुमच्याही कॉलेजचं असणारच, आणि तुम्ही ते फॉलोही करत असणार. मीही करत होते.

गेल्या महिन्यात त्या पेजच्या इनबॉक्समध्ये डीपी नसलेल्या एका अकाउंटवरून फोटो आला. एका मुलीचा. कसा होता ते लिहीत नाही. तिने तो कुणा एकासाठीच काढला असणार, एवढं सांगितलं तरी पुरे. खाली एका ॲडल्ट साइटची लिंक आणि मेसेज: ‘तिकडे टाकलाच आहे, तू पण टाक भाऊ.’

त्याने टाकला नाही. पण कुणाला सांगितलंही नाही. आठ दिवस ते सगळं त्याच्या फोनमध्ये पडून होतं. नवव्या दिवशी चहा घेताना त्याने मला विचारलं, “तू ते पत्रकारितेचं शिकतं ना वं? मंग सांग. फोटो म्या काढला नाही, म्या टाकला नाही, मले कोणीतरी पाठोला. माह्यावर काई येईन का?”

म्हटलं, शोधून सांगते. शोधायला लागले तेव्हा कळलं, की जगभरातल्या साइट्सचे मालक गेली वीस वर्षं कोर्टात हाच प्रश्न विचारत आलेत. फक्त वऱ्हाडीत नाही, एवढाच फरक.

तळाची बारीक ओळ

आधी आमच्या ऑफिसातली गोष्ट. इंटर्नला जी कामं देतात त्यात एक असतं वाचकांनी पाठवलेले फोटो लावायचं. पोळ्याचे सजवलेले बैल, लोणारचा सूर्यास्त, नातवाचा पहिला वाढदिवस. पहिल्याच आठवड्यात आमच्या उपसंपादक सरांनी दम दिला: फोटो कुणी काढला, फोटोत कोण आहे आणि त्याला हे माहीत आहे का, हे फोन करून विचारल्याशिवाय पान सोडायचं नाही. मला वाटलं, अति आहे. बैलाला काय विचारायचं?

मग त्यांनी पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली बारीक ओळ दाखवली. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं. कित्येक मराठी पेपरांत तिथेच ‘पीआरबी कायद्यानुसार संपादकीय जबाबदारी’ असंही लिहिलेलं असायचं. तो कायदा १८६७ चा. मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, पण सूत्र तेच राहिलं. वाचकाने पाठवलं म्हणून संपादक सुटत नाही. निवडलं त्याने, छापलं त्याने, तर उत्तरही त्यानेच द्यायचं.

या बाबतीत आपल्याकडची कोर्टं एकेकाळी फारच कडक होती. मुंबईत रणजित उदेशी नावाचे एक पुस्तक विक्रेते होते. त्यांच्या स्टॉलवर ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकायला होतं, म्हणून खटला झाला. त्यांचं म्हणणं, दुकानातलं प्रत्येक पुस्तक मी वाचून थोडीच विकतो? १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की विक्रेत्याला पुस्तकातला मजकूर अश्लील असल्याचं ठाऊक होतं हे सरकारी पक्षाने सिद्ध करायची गरजच नाही. दंड झाला २० रुपये. रक्कम आज हसू आणते, पण तो निकाल पुढची पन्नास वर्षं गाजत राहिला. मराठीतही हे घडलं. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकर थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये सुटले.

या सगळ्या खटल्यांत प्रश्न एकच होता: हे अश्लील आहे का? छापलेल्या माणसाला विचारलं होतं का, हा प्रश्न कुणी काढला नाही. कथेतल्या शामाला काय विचारणार म्हणा! पण फोटोतली मुलगी खरी असते.

शनिवारी रात्री तक्रार, सोमवारी सकाळी कारवाई

इंटरनेट आलं आणि तळाची ती बारीक ओळ गायब झाली. ज्या ॲडल्ट साइट्सवर कुणीही काहीही अपलोड करू शकतं, त्यांचा धंदाच या गायब ओळीवर उभा आहे. साइट म्हणते, आम्ही फक्त भिंत दिली, पोस्टर लोकांनी चिकटवलं. भिंतीवरच्या जाहिरातीचे पैसे मात्र भिंतवाल्याला.

हा वाद भारतात पहिल्यांदा जोरात पेटला तो एका मुंबईच्या कंपनीवरून, आणि ती पॉर्न साइट नव्हती. बाझी डॉट कॉम ही जुन्या-नव्या वस्तू विकायची साइट. २७ नोव्हेंबर २००४ ला, शनिवारी, आयआयटी खरगपूरच्या एका विद्यार्थ्याने तिथे एक क्लिप विकायला ठेवली. दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची, मोबाइलवर काढलेली. त्याच रात्री कुणीतरी साइटकडे तक्रार केली. साइटने ती जाहिरात काढली सोमवारी सकाळी. मधल्या वेळात आठ प्रती विकल्या गेल्या. डिसेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख अवनिश बजाज यांना अटक झाली.

उद्योगजगतात मोठा गहजब झाला. पोस्टाने कुणी धमकीचं पत्र पाठवलं तर पोस्टमास्तरला पकडाल का, असा सूर होता. खटला चालला बराच. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजाज यांच्यावरची कारवाई रद्द केली, पण कारण तांत्रिक होतं: कंपनीलाच आरोपी केलेलं नव्हतं, तर एकट्या संचालकावर खटला कसा चालेल? ‘साइट जबाबदार आहे का’ याचं सरळ उत्तर त्यातून काही मिळालं नाही.

उत्तर आलं ते कायद्यातल्या दुरुस्तीतून. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ बदललं आणि ऑक्टोबर २००९ पासून नव्या रूपात लागू झालं. कॉलेजात हे कलम पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, समजलं मात्र आत्ता. दुसऱ्याचा मजकूर फक्त साठवणारा किंवा पोहोचवणारा जो ‘मध्यस्थ’ आहे, त्याला त्या मजकुरासाठी जबाबदार धरायचं नाही, असं हे कलम म्हणतं. पण फुकट नाही. त्याने मजकूर स्वतः निवडलेला नसावा, त्यात बदल केलेला नसावा, तो कुणाला जाणार हे ठरवलेलं नसावं. योग्य ती काळजी घेतलेली असावी. आणि बेकायदा मजकुराची पक्की माहिती मिळाल्यावर तो लगेच काढलेला असावा. यातलं एक जरी चुकलं तर संरक्षण गेलं.

आता माझ्या मित्राचं पेज या फूटपट्टीवर ठेवून बघा. दहा फोटो येतात, हा त्यातले तीन निवडतो. वर स्वतःची ओळ टाकतो, खाली हॅशटॅग. पाठवणाऱ्याचं नाव झाकतो. माझ्या मते तो मध्यस्थ उरतच नाही. इन्स्टाग्राम कंपनी मध्यस्थ असेल. हा त्या पानाचा संपादक आहे, फक्त त्याच्या पानाच्या तळाशी नाव छापलेलं नाही. वाचकांकडून आलेले फोटो तपासून, वर्गवारी करून, मथळे देऊन टाकणाऱ्या ॲडल्ट साइटचंही तेच. ‘युजरने पाठवलं’ हे वाक्य ती जितकं जास्त निवडेल तितकं पोकळ होत जातं.

अंगात काय घातलंय, हा प्रश्नच नाही

आपल्याकडे असा काही विषय निघाला की पहिली चौकशी होते फोटो ‘कसा’ होता याची. घरी, कॉलेजात, कधी कधी पोलीस ठाण्यातही. दोन निकाल शेजारी ठेवले की ही चौकशी किती चुकीची आहे ते कळतं.

टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची जोडीदार यांचा एक नग्न फोटो मूळ जर्मन मासिकात आला होता. वर्णद्वेषाच्या विरोधात दोघांनी मुद्दाम काढून दिलेला. तो कोलकात्याच्या ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’ आणि ‘आनंदबाजार पत्रिका’ने छापला, आणि कुणीतरी खटला भरला. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, नग्न आहे म्हणजे अश्लील आहे असं होत नाही. संदर्भ बघा, आजच्या समाजाची नजर बघा. खटला रद्द.

दुसरा निकाल दिल्ली हायकोर्टाचा, एप्रिल २०२१ चा. एका तरुणीने फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकलेले अगदी साधे फोटो. तुमच्या-माझ्या प्रोफाइलवर असतात तसे, प्रायव्हसी सेटिंग लावलेले. कुणीतरी ते उचलून पॉर्न साइटवर घाणेरड्या मथळ्यांसह टाकले. फोटोंमध्ये आक्षेपार्ह असं काहीच नव्हतं. न्यायमूर्ती अनुप जयराम भंभानी यांनी तरीही सांगितलं, की तिच्या संमतीशिवाय ते तिथे टाकणं हाच गुन्हा ठरतो. साइट्सनी काढायचे, सर्च इंजिनांनी शोधात दाखवायचे नाहीत, आणि तेच फोटो पुन्हा दुसरीकडे वर आले तर तेही शोधून काढायचे.

पहिल्यात कपडे नव्हते, गुन्हा झाला नाही. दुसऱ्यात अंगभर कपडे होते, गुन्हा झाला. मधला फरक एका शब्दाचा आहे. संमती.

आणि ती संमतीही एका कामाची दुसऱ्या कामाला चालत नाही. हे आपल्या वयाच्या प्रत्येकाने वाचायला हवं, म्हणून जरा थांबते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, जे २०१३ पासून आधीच्या दंडसंहितेत ३५४-क म्हणून होतं, त्याच्या स्पष्टीकरणात साफ लिहिलंय: तिने फोटो काढायला होकार दिला असेल, पण तो तिसऱ्याला द्यायला दिला नसेल, आणि तो दिला गेला, तर गुन्हा आहे. ‘तिनेच तर पाठवला होता ना!’ हे वाक्य आपण किती सहज म्हणतो. मी स्वतः बारावीत असताना एका मुलीबद्दल म्हटलंय. कायद्याच्या लेखी त्या वाक्याला शून्य किंमत आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान एक आणि कमाल तीन वर्षं, दुसऱ्यांदा केलं तर सात वर्षांपर्यंत. शिवाय आयटी कायद्याचं ६६-ई आहे, ज्यात खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय काढणारा, प्रसिद्ध करणारा आणि पुढे पाठवणारा असे तिघेही बसतात. तीन वर्षं किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

फोटोत १८ वर्षांखालचं कुणी असेल तर संमती हा शब्दच संपला. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं-मुली याच वयाची असतात, हे ज्युनिअर कॉलेजवाल्यांनी लक्षात घ्यावं. तिथे आयटी कायद्याचं ६७-ब आणि पोक्सो लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मद्रास हायकोर्टाचा निकाल फिरवून सांगितलं, की अशी सामग्री डाउनलोड करून ठेवणं आणि बघणं यालाही कायदा लागू होऊ शकतो. ‘मी तर कुणाला पाठवलं नाही’ हा बचाव तिथे पुरत नाही.

बंदी आहे, म्हणून नियम नाहीत

मग ज्या साइट्स रीतसर असा मजकूर प्रसिद्ध करतात, त्यांची जबाबदारी काय? भारतात या प्रश्नाचं उत्तर विचित्र आहे. लैंगिक कृती उघड दाखवणारी सामग्री इंटरनेटवर प्रसिद्ध करणं हाच ६७-अ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. सगळ्यांची लेखी संमती घेतली, आधार कार्ड तपासले, तरी सुटका नाही. म्हणजे आपल्याकडे कायदेशीर ॲडल्ट साइट नावाची वस्तूच नाही. आणि ती नाही, म्हणून फोटोतल्या माणसाचं वय कसं तपासायचं, संमतीचा कागद किती वर्षं जपायचा, याचे नियमही नाहीत. धंदा परदेशात बसतो, प्रेक्षक इथे बसतात. २०१५ मध्ये सरकारने ८५७ साइट बंद केल्या आणि थोड्याच दिवसांत आदेश मागे घेत सैल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाच्या आदेशानंतर ८२७ बंद केल्या. व्हीपीएन कसं लावायचं हे त्यानंतर होस्टेलवरच्या सगळ्यात साध्या पोरालाही कळलं, एवढाच मला दिसलेला परिणाम.

अमेरिकेत उलट आहे. तिथे धंदा कायदेशीर आहे, म्हणून १९८८ च्या कायद्यापासून निर्मात्याला प्रत्येक व्यक्तीच्या वयाचा पुरावा जपून ठेवावा लागतो. साइटच्या तळाशी ‘नोंदी अमुक पत्त्यावर आहेत’ अशी बारीक ओळ असते. मला आमच्या पेपरची तळाची ओळच आठवली. पण ही अट निर्मात्याला. लोकांनी अपलोड केलेलं दाखवणाऱ्या साइट्स म्हणाल्या, आम्ही निर्माते नाहीच. हंटर मूर नावाच्या माणसाने २०१० मध्ये याच फटीतून साइट काढली. लोक आपल्या जुन्या प्रेयसींचे फोटो पाठवायचे, हा त्यांच्या सोशल मीडिया प्रोफाइलसह छापायचा. २०१५ मध्ये त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. फोटो छापल्याबद्दल नव्हे, तर फोटो मिळवण्यासाठी लोकांचे ईमेल हॅक करवले म्हणून!

मोठ्या कंपन्यांना कायद्याने जे करता आलं नाही ते शेवटी पैशाने केलं. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पॉर्नहबवरच्या अल्पवयीन मुलींच्या व्हिडिओंबद्दल निकोलस क्रिस्टॉफ यांचा लेख आला. काही दिवसांत व्हिसा आणि मास्टरकार्डने त्या साइटवरचे व्यवहार थांबवले. त्यानंतर कंपनीने, ज्यांची ओळख पटलेली नाही अशा लोकांनी टाकलेले सगळे व्हिडिओ काढून टाकले. जवळपास एक कोटी. इतकी वर्षं ‘एवढ्या प्रमाणात तपासणं अशक्य आहे’ म्हणणाऱ्यांनी हे केलं किती दिवसांत? दोन आठवडेसुद्धा लागले नाहीत. अशक्य नव्हतं, महाग होतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेने ‘टेक इट डाउन’ कायदा केला. पीडितेची तक्रार आल्यावर ४८ तासांत फोटो उतरवा.

आता घड्याळ दोन तासांचं

आपल्याकडे हे घड्याळ आणखी वेगाने फिरतंय. २०२१ च्या नियमांनी सांगितलं, की व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणीही अशा फोटोची तक्रार केली, तर २४ तासांत तो काढायचा. कोर्टाचा आदेश आणायची गरज नाही. ही गोष्ट मोठी आहे, कारण २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर इतर मजकुरासाठी कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागतो. पण नियम कागदावर राहत होता. मद्रास हायकोर्टात २०२५ मध्ये एका महिला वकिलाचं प्रकरण आलं. तिचे व्हिडिओ एका ठिकाणाहून काढले की दुसरीकडे उगवत होते. कोर्टाने केंद्र सरकारला धारेवर धरलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आयटी मंत्रालयाची कार्यपद्धती आली.

जानेवारी २०२६ मध्ये ‘ग्रोक’वरून ओरड झाली. लोक बायकांचे साधे फोटो देत होते आणि एआय त्यांचे कपडे उतरवून देत होता. महाराष्ट्रातल्या खासदार प्रियंका चतुर्वेदी यांनी आयटी मंत्र्यांना पत्र लिहिलं, मंत्रालयाने एक्स कंपनीला नोटीस धाडली. १० फेब्रुवारीला नियमांत दुरुस्ती झाली, २० तारखेपासून लागू. २४ तासांचे दोन तास झाले. एआयने बनवलेल्या चित्रांनाही हे लागू आहे.

२००४ मध्ये बाझीला लागला होता अख्खा रविवार. आता दोन तास.

ऐकायला झकास वाटतं, पण माझा विश्वास अर्धाच आहे. तक्रार करण्यासाठी आधी फोटो कुठे आहे हे तिला कळायला हवं. इन्स्टाग्रामचा तक्रार अधिकारी सापडतो. कुठल्या तरी बेटावर नोंदवलेल्या साइटचा सापडत नाही. ती साइट संरक्षण गमावते खरी, पण संरक्षण गमावून बसलेल्या मालकाला पकडायला कुणी जाणार आहे का? दुसरीकडे भीती अशीही आहे, की दोन तासांच्या धाकाने मोठ्या कंपन्या विचार न करता काहीही उतरवतील. बोरिस बेकरचा तो फोटो या घड्याळात टिकला असता का, शंका आहे.

म्हणूनच मला वाटतं, की साइटपेक्षा पाठवणाऱ्याच्या मागे लागणं जास्त कामाचं. तो बहुतेक वेळा कुठल्या बेटावर नसतो. आसाममधल्या डिब्रुगडचं प्रकरण आठवत असेल, जुलै २०२५ चं. एका माणसाने ओळखीच्या मुलीच्या फोटोवरून एआयने अख्खी खोटी ‘इन्फ्लुएन्सर’ उभी केली, सुमारे १४ लाख फॉलोअर्स, वर पैसे घेऊन सबस्क्रिप्शन. कोण होता? तिच्याच ओळखीतला.

ग्रुप ॲडमिन मंडळींना इथे घाम फुटला असेल, तर त्यांच्यासाठी आपल्याच हायकोर्टाचा दिलासा आहे. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने, ज्याच्या कक्षेत आपला जिल्हा येतो, १ मार्च २०२१ ला गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं: व्हॉट्सॲप ग्रुपच्या सदस्याने काही टाकलं, तर त्यात ॲडमिनचा सामाईक हेतू किंवा आधीचा बेत दाखवता आल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येणार नाही. ग्रुपवर येण्याआधी मजकूर अडवणं ॲडमिनच्या हातातच नसतं. वाक्य नीट वाचा. ‘हातातच नसतं’ म्हणून सुटका. पेजवाल्याच्या मात्र ते हातातच असतं. त्याच्या बोटाशिवाय पोस्ट होत नाही.

मग त्या मित्राचं काय झालं

त्याला मी उत्तर दिलं ते असं. टाकला नाहीस, पुढे पाठवला नाहीस, आणि ती १८ च्या वरची असेल, तर इनबॉक्समध्ये आला एवढ्याने तू गुन्हेगार होत नाहीस. टाकला असतास तर ‘पाठोला होता’ म्हणून वाचला नसतास. पण तू डिलीट करून मोकळाही होऊ नको. ते अकाउंट, तो मेसेज, तारीख, वेळ, ती लिंक हा पुरावा आहे. फोटो कुणाला दाखवायची गरज नाही, बाकी सगळं जपून ठेव. आणि जिचा फोटो आहे तिला कळू दे.

हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं. तो तिला चेहऱ्याने ओळखत होता. त्याने तिच्या मैत्रिणीला गाठलं, मैत्रिणीने तिला सांगितलं. हे सगळं तिला विचारून लिहिते आहे, काही तपशील बदलून. तिचं वय १९. ती पहिल्यांदा रडली वगैरे नाही. तिने विचारलं, “अजून किती जणांना पाठवलाय त्याने?” माझ्या मित्राकडे उत्तर नव्हतं. त्या नऊ दिवसांचंही नव्हतं.

तक्रारीचे रस्ते तिला आम्ही सांगितले. बुलढाण्यात सायबर पोलीस ठाणं आहे. पण पहिली तक्रार जवळच्या कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द सांगून परत पाठवता येत नाही. तपास मात्र निरीक्षक दर्जाचा अधिकारीच करतो. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर महिलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. पोलिसांकडे एकटीने जायचं नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरमधून मदत मिळते. नव्या कार्यपद्धतीत त्यांचं नाव आहे. आणि स्टॉप एनसीआयआय डॉट ऑर्ग नावाची सोय आहे. तिथे फोटो द्यावाच लागत नाही, तो तुमच्या फोनमध्येच राहतो. त्याचा एक डिजिटल ठसा तेवढा जातो, आणि त्या ठशावरून इन्स्टाग्राम, फेसबुक, अगदी पॉर्नहबसुद्धा तो फोटो वर येण्याआधी ओळखून अडवू शकतात.

घरी सांगायचं की नाही यावर तिचे दोन दिवस गेले. शेवटी मामीला सांगितलं. मामी तिच्यासोबत ठाण्यात गेली.

साइटला मेल गेला दुपारी साडेतीनला. मी घड्याळ बघत बसले होते. साडेपाचला मैत्रिणीने तपासलं, लिंक उघडत होती. रात्री दहालाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली नाही. पाठवणाऱ्याचं अकाउंट बंद झालेलं आहे, त्यामागे कोण होता याचा तपास चालू आहे. तिला स्वतःला एका नावाचा संशय आहे, तो तिने पोलिसांना सांगितलाय.

मित्राने पेज बंद केलेलं नाही. बायोमध्ये फक्त एक ओळ वाढवली आहे: ‘फोटोतल्या व्यक्तीला विचारून मगच फोटो पाठवा, आम्हीही तिला विचारू.’ तीन आठवडे झाले. आधी दिवसाला तीस-चाळीस फोटो यायचे. परवा एसटीतून उतरल्यावर त्याने मला इनबॉक्स दाखवला. चार आले होते, चारही पाठवणाऱ्यांचे स्वतःचेच.